लोकवर्गणीतील कॅमेरा : ‘ॲक्झिऑम बीटा’

कॅमेऱ्याची अंतर्रचना गुप्त राखावी, हा उत्पादकांचा जुना रिवाज होय. व्हिएन्ना येथील ‘अपर्टस’ या गटाने तो मोडावयाचे ठरविले. २००६ साली एल्फेलच्या खुल्या आराखड्याच्या कॅमेऱ्यापासून सुरू झालेल्या प्रयोगांची परिणती ‘ॲक्झिऑम बीटा’त झाली. त्याकरिता २०१४ साली इंडिगोगोवर १,००,००० युरोंची वर्गणी मागण्यात आली. जमली ती त्याहून पुष्कळ अधिक. संवेदकाने टिपलेली असंस्कारित, म्हणजे ‘रॉ’, नोंद छायालेखकाच्या हाती यावी, हा हेतू होता. त्यासाठी बाजारात तयार मिळणारा मायक्रोझेड सर्किट बोर्ड आणि बेल्जियमच्या सीमॉसिसचा सीएमव्ही १२००० हा संवेदक निवडला गेला. कॅमेऱ्याचे आराखडे सर्वांस खुले झाले. ज्यातून चित्र उमटावयाचे त्या संवेदकाची रचना मात्र विक्रेत्याकडेच राहिली. वर्गणीदारांच्या पैशाची धाव तेथवर नव्हती.