सुप्यात जळलेली गहाणखतं

मंडळी, शाळेत 'दख्खनचे दंगे' आपण चार ओळींत संपवलेले असतात. त्यातला एक मोठा दंगा आपल्या सुप्याचा, आजच्या बारामती तालुक्यातला. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. लोकांनी सावकारांची दुकानं लुटली, पण खरा डोळा दप्तरावर होता. रोखे, गहाणखतं, वह्या शोधशोधून जाळल्या.

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ साली संपलं आणि कापसाचा भाव कोसळला. इंदापुरात १८६७ पासून सारा वाढला. मग सावकारांनीही हात आखडला.

पण मला वाटतं, मूळ दुखणं हिशोबाचं होतं. वही सावकाराची, अंगठा कुणब्याचा. किती फिटलं, किती उरलं, हे एकालाच ठाऊक. आमच्या भाषेत सांगायचं तर, डेटाबेस एकाचा आणि दुसऱ्याला तो वाचायचीसुद्धा परवानगी नाही!

१८७९ च्या डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्टनं नेमकं तेच धरलं. दस्त गावच्या रजिस्ट्रारसमोर करायचा, पैसे घेतले की पावती द्यायची. रोख्यामागचा खरा व्यवहार तपासायची मुभा कोर्टाला मिळाली.

आज गृहकर्ज विकणारी मंडळी फेसबुक-व्हॉट्सॲपवर रोज लिहितात. हप्ता ठळक अक्षरात असतो. वीस वर्षांचं एकूण व्याजही तितक्याच ठळक लिहा की राव! आणि नाही लिहिलं, तर आपण सही करण्याआधी विचारायचं.