भीती दाखवून मत कसे फिरवले जाते : महाराष्ट्रातील तीन घटना आणि आपली जबाबदारी

आपल्या लेकरांची काळजी, दीनवरची मोहब्बत, घरातल्या आया-बहिणींच्या इज्जतीची चिंता, या सगळ्या भावना अल्लाहने माणसाला दिलेल्या आहेत आणि त्यात काहीच वाईट नाही. पण ज्याला लोकांचे मत फिरवायचे असते, तो नेमका याच भावनांना हात घालतो. पुरावा द्यायचा तर वेळ लागतो, प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. घाबरवायला दोन ओळींचा मेसेज आणि एक व्हिडिओ पुरतो.

हे कसे घडते ते समजून घेण्यासाठी आम्ही इथे आपल्या राज्यातल्या तीन घटना घेतल्या आहेत. पहिलीत आपल्याच वस्तीतले लोक भडकले, दुसरीत आपल्याविरुद्ध लोकांना भडकवले गेले आणि तिसरीत नुकसान आपल्या मुलांचे झाले. रीत मात्र तिन्हीकडे एकच होती.

घाबरलेला माणूस तपासत बसत नाही

अंधारात पायाखाली दोरी आली तरी आपण साप समजून उडी मारतो. ‘आधी जीव वाचवा, मग बघू’ ही शरीराची सवय आहे आणि सापाच्या बाबतीत ती कामाचीच आहे. बातमीच्या बाबतीत मात्र तीच सवय उलटते. आपण बातमी तपासण्याआधीच पुढे पाठवतो, कारण पाठवले नाही आणि खरे निघाले तर काय, ही धास्ती असते.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे सव्वा लाख बातम्यांचा अभ्यास केला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्के जास्त असते, असे त्यात दिसले. खोट्या बातम्यांवरच्या लोकांच्या प्रतिक्रियांमध्ये आश्चर्य, भीती आणि किळस जास्त होती.

२०१८ : मुले पळवणारी टोळी

त्या वर्षी देशभर मुले पळवणाऱ्या टोळ्यांची अफवा पसरली. सोबत एक व्हिडिओ फिरत होता : मोटारसायकलवरून दोघे येतात आणि गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. तो व्हिडिओ मुळात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केलेली जाहिरात होती. तिच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि संदेशाची पाटी दाखवतात. भारतात फिरवताना हा शेवट कापून टाकला होता. दुसऱ्या एका व्हिडिओत ओळीने ठेवलेली मुलांची प्रेते होती. ती २०१३ साली सीरियात रासायनिक हल्ल्यात मेलेली मुले होती. त्यांच्या चित्रांवर ‘अवयव काढून नेले’ असा आवाज चढवला गेला.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजारात आलेल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे भटके लोक होते. त्यांचा गुन्हा काहीच नव्हता. पुढे न्यायालयाने या प्रकरणात सात जणांना जन्मठेप दिली.

त्याच रात्री मालेगावात बाहेरगावाहून आलेल्या पाच जणांना अशाच संशयावरून जमावाने घेरले. त्यांच्यात दोन वर्षांचे एक मूलही होते. काही स्थानिक लोकांनी त्यांना घरात आसरा दिला, पोलीस धावून आले आणि ते पाचही जण वाचले. जमाव मालेगावचा होता आणि वाचवणारे हातही मालेगावचेच होते. जमावातल्या लोकांनाही मुलांचीच काळजी होती, आणि त्या काळजीपोटी ते एका लहान मुलाच्या जिवावर उठले होते.

या घटनांनंतर व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी जास्तीत जास्त पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. ‘फॉरवर्डेड’ हा शिक्का त्याच सुमारास आला.

२०२० : मरकज आणि ‘कोरोना जिहाद’

मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमध्ये जमलेल्या लोकांपैकी अनेकांना कोरोनाची लागण झाल्याचे समोर आले. एवढी बाब खरी होती आणि तिच्यावर टीका करण्याचा हक्क कोणालाही होता. पण त्यावर ‘कोरोना जिहाद’ हा शब्द चिकटवला गेला आणि एका साथीला एका समाजाचा कट ठरवले गेले. बोहरा समाजातील लोक अन्न वाया जाऊ नये म्हणून ताट-चमचे चाटून साफ करतात, त्याचा कोरोनाच्याही आधीचा व्हिडिओ ‘रोग पसरवत आहेत’ म्हणून फिरला. किती जागी गरीब भाजीवाल्यांना नाव विचारून हाकलले गेले, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

२१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले. माध्यमांनी या लोकांविरुद्ध मोठा प्रचार केला, आणि संकटकाळात सरकार कोणाला तरी बळीचा बकरा बनवू पाहते, असे खंडपीठाने निकालात नोंदवले. निकाल आला, पण तोवर पाच महिने उलटले होते. भीतीची बातमी तासाभरात घरोघरी पोचते, खुलासा महिन्यांनी येतो आणि फार थोड्यांपर्यंत जातो.

गोवराची लस : भीतीची किंमत

तिसरी घटना आपल्या घरातली आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलांसाठी गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली. तेव्हा ‘ही लस घेतली की मुलांना पुढे मूल होत नाही, आपली लोकसंख्या कमी करण्याचा हा डाव आहे’ अशा अर्थाचे मेसेज मुस्लिम वस्त्यांमध्ये फिरले. काही पालकांनी मुलांना लस देऊ दिली नाही.

२०२२ च्या अखेरीस मुंबईतल्या गोवंडीसारख्या दाटीच्या वस्तीत, तसेच भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ आली. लहान मुले दगावली. कोरोनाकाळात लसीकरणात पडलेला खंड, कुपोषण, दाट वस्ती ही त्याची मोठी कारणे होती. पण लसीबद्दल मनात बसलेली भीतीही त्यात होती. तेव्हा अनेक उलमा आणि मशिदींच्या इमामांनी पुढे येऊन लस द्या असे सांगितले.

ही भीती आपल्यात का रुजते, तेही समजून घ्यायला हवे. ज्याला वारंवार संशयाने पाहिले जाते, त्याचा सरकारी गोष्टींवरचा विश्वास कमी होतो, आणि अफवा पसरवणाऱ्याला तीच जागा सापडते.

असा मेसेज कसा ओळखायचा?

तिन्ही घटनांतील मेसेजमध्ये सारख्या खुणा दिसतात :

- आपल्याला सगळ्यात प्रिय असलेल्या गोष्टीवर घाला : मुले, दीन, इज्जत.
- एक ठरलेला दुश्मन : भटके, परदेशी, एखादा समाज किंवा सरकार.
- घाई : ‘लगेच पाठवा’, ‘डिलीट होण्याआधी बघा’.
- गाव, तारीख, पोलीस ठाणे यांचा पत्ता नाही, किंवा फक्त ‘आपल्या शेजारच्या गावात’.
- ‘मीडिया हे दाखवणार नाही’ अशी पुस्ती, म्हणजे पुरावा मागायची सोयच उरत नाही.

यातली दोन-तीन लक्षणे दिसली तरी थांबायला हवे. बातमी आपल्या बाजूची असेल तर जास्तच, कारण तिथे आपण तपासायला विसरतो.

दीनची शिकवण

सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत, अविश्वासू माणसाने आणलेली बातमी आधी पडताळा, नाहीतर अजाणतेपणी कोणाचे नुकसान कराल आणि पस्तावाल, अशी ताकीद आहे. सूरह निसाच्या ८३ व्या आयतीत तर शांततेची किंवा भीतीची बातमी आली की ती लगेच पसरवणाऱ्यांना समज दिली आहे. अशी बातमी पैगंबर (स.) आणि जबाबदार लोकांकडे न्यावी, म्हणजे तपास करू शकणाऱ्यांना खरे काय ते कळेल, असा तिचा आशय आहे. ऐकलेले सगळेच सांगत सुटणे माणसाला खोटे ठरवायला पुरेसे आहे, या अर्थाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. म्हणजे ‘मी फक्त फॉरवर्ड केलं, लिहिलं नाही’ ही सबब इथे चालत नाही.

कायद्यातही ती चालत नाही. लोकांत घबराट किंवा तेढ पसरवणारी खोटी माहिती पुढे पाठवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ नुसार गुन्हा ठरू शकतो.

घरात काय करता येईल

चित्र किंवा व्हिडिओतला एखादा क्षण गूगल लेन्सवर टाकून तो आधी कुठे वापरला होता ते पाहता येते. हे घरातल्या मुला-मुलींना सहज जमते, त्यांनी अम्मी-अब्बांना, दादी-नानींना चिडवत न बसता शिकवावे. मुलाबद्दल खरोखर संशयास्पद काही दिसले तर १०९८ किंवा ११२ वर फोन करावा, जमाव गोळा करू नये. लसीबद्दल शंका असेल तर डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारावे आणि शंका विचारायला लाजू नये. मोहल्ल्याच्या ग्रुपवर एक-दोन जाणत्या माणसांनी बातम्या पडताळायची जबाबदारी घ्यावी. जुम्याच्या दिवशी इमाम साहेबांनी दोन मिनिटे या विषयावर बोलले तरी फरक पडेल.

आणि एखादा मेसेज खोटा निघाला तर नुसता डिलीट करून भागत नाही. तो ज्या ज्या ग्रुपवर गेला, त्या त्या ग्रुपवर खरे काय ते लिहून टाकावे.