योसेफ, यूसुफ, जुझे : एका नावाचा गोव्यापर्यंतचा प्रवास

पेडणे व डिचोली तालुक्यांतील ख्रिस्ती कुटुंबांत एकाच मनुष्याला घरी जुझे म्हणावे, शाळेच्या दाखल्यावर जोसेफ लिहावे आणि मराठी पवित्र शास्त्रात तेच नाव योसेफ असे वाचावे, यात नवल नाही. परंतु यातून एक गैरसमज संभवतो. जुझे हे पोर्तुगीज अमलाचे उरलेले चिन्ह आणि योसेफ हे कोणा दुसऱ्याच पंथाचे नाव, असे वाटू लागते. तो दूर करावयाचा तर नावाचा इतिहास ठाऊक असणे अवश्य आहे. तो आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

नाव मूळचे इब्री. उत्पत्तीच्या 30व्या अध्यायात राहेल पुत्राचे नाव ठेवते, तेव्हा दोन क्रियापदांचा नाद त्यात मिसळतो. ‘आसाफ’ म्हणजे काढून घेणे. देवाने तिची अप्रतिष्ठा काढून घेतली. ‘यासाफ’ म्हणजे अधिक घालणे. देवाने आणखी एक पुत्र द्यावा, ही तिची याचना. शब्दाची व्युत्पत्ती दुसऱ्या क्रियापदाशी जुळते. ‘तो वाढवो’ असा त्याचा अर्थ असून हे नाव मुळात एक प्रार्थनाच आहे.

पुढे प्रत्येक भाषेने ते आपल्या जिभेला मानवेल असे घडविले. इटालियनांचा जुझेप्पे, रशियनांचा ओसिप, केरळातील औसेप ही सारी त्याचीच रूपे. नाव आखूड करण्याची चालही पॅलेस्टाइनमध्येच होती. मार्कच्या शुभवर्तमानात (6:3) प्रभूच्या भावांपैकी एक ‘योसे’ आहे. बर्णबाचे मूळ नाव (प्रेषितांची कृत्ये 4:36) प्राचीन हस्तलिखितांत योसेफ, तर नंतरच्या अनेक हस्तलिखितांत योसे असे मिळते. पोर्तुगीजांनीही अंत्य व्यंजन सोडले. त्यांच्या उच्चारात आघात नसलेल्या ओकाराचा उकार होतो आणि दोन स्वरांमधील सकार मृदू होतो. म्हणून कोकणीतील जुझे हे रूप अपभ्रष्ट म्हणता येत नाही. कानांनी जे ऐकले तेच जिभेने राखले आहे.

गोव्यात मात्र हे नाव पोर्तुगीजांच्या आधीच आले होते. 1510 मध्ये आल्बुकर्कने गोवा घेतला तो विजापूरच्या आदिलशाहीकडून, आणि त्या घराण्याचा संस्थापक यूसुफ आदिलशहा होता. कुराणातील बारावी सूरा याच यूसुफाच्या, म्हणजे याकोबाच्या पुत्राच्या, नावाची आहे.

मध्ययुगीन पश्चिम युरोपात योसेफ हे नाव फारसे ठेवले जात नसे. 15व्या शतकात जाँ जेर्सोन यांनी संत योसेफांच्या भक्तीचा पुरस्कार केला. आविलाच्या संत तेरेसा यांनी 1562 मध्ये आपला पहिला सुधारित मठ त्यांच्याच नावे स्थापिला. 1621 मध्ये 19 मार्चचा सण सर्वत्र पाळावयाचा ठरला. त्यानंतर तीस वर्षांनी, 1651 मध्ये, बाणावलीस जुझे वाझ जन्मले. श्रीलंकेत सेवा करून 1711 मध्ये कँडी येथे त्यांनी देह ठेवला आणि 2015 मध्ये ते संत घोषित झाले. अर्थात जुझे हे नाव जहाजातून आले असले, तरी घराघरांत रुजले ते भक्तीमुळे.

पेडणे व डिचोली हे प्रदेश सावंतवाडीकर भोसल्यांकडून 1781 ते 1788 या काळात पोर्तुगीजांकडे गेले. या नव्या काबिजादीत रहिवाशांचा धर्म व रीतिरिवाज राखण्याचे अभिवचन होते. येथे ख्रिस्ती वस्ती विरळ राहिली आणि मराठी लेखन-वाचनाची परंपरा टिकली. डिचोलीस 17व्या शतकातील नमाजगाह आहे, पेडण्याचे चर्च संत योसेफांना वाहिलेले आहे. यूसुफ, जुझे आणि योसेफ या तिन्ही रूपांची कुळे येथे शेजारी नांदत आली आहेत.

कोकणच्या बेने इस्राएल समाजाचे उदाहरणही ध्यानी घ्यावे. मुंबईत 1796 मध्ये सभास्थान उभारणाऱ्या शमुवेल यहेज्केल दिवेकरांना लोक समाजी हसाजी म्हणत. नाव मराठी वळणाचे झाले म्हणून श्रद्धा उणावली नाही.

आता आपल्या कार्याकडे वळू. 1983 च्या धर्मविधिसंहितेतील 855वे कलम एवढेच सांगते की, ख्रिस्ती भावनेशी विसंगत असे नाव देऊ नये. नावाचे रूप लॅटिन असावे की पोर्तुगीज, याविषयी त्यात बंधन नाही. तेव्हा आईबाप जुझे म्हणोत वा योसेफ, त्यांना अडवू नये. मात्र बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत जे रूप लिहाल तेच जन्मदाखल्याशी जुळवून घ्यावे. अन्यथा पुढे विवाहाच्या वेळी एकाच मनुष्याची दोन माणसे होतात आणि त्रास त्या गरीब कुटुंबाला होतो. आणि बालकाचे नाव ठेवतेवेळी राहेलची ती याचना आईबापांना मराठीत समजावून सांगावी. ज्या नावाने ते मुलाला जन्मभर हाक मारणार, त्यातली प्रार्थना त्यांना एकदा तरी कळलेली असावी.