खर्जाचा अनामिक वादक : मुंबईच्या चित्रपटसंगीतातील विद्युत बेस गिटार

पाश्चात्त्य वाद्यांच्या दुकानात आज मांडलेली नवी बेस गिटार पुष्कळदा सत्तर वर्षांपूर्वीची वाटते. तोच जुना आकार, तोच पिवळसर लाखेचा रंग, त्याच दोन-तीन कळा. अंतर्रचना मात्र आजची असते. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये 'प्रिसिजन बेस' बाजारात आणली आणि १९६० मध्ये 'जॅझ बेस'. या दोन नमुन्यांचीच प्रतिरूपे आजही जगभर घडविली जातात. खुद्द फेंडर कंपनीने १९८२ पासून आपल्या जुन्या नमुन्यांची पुनर्निर्मिती सुरू केली. वाद्याचा भूतकाळ हा विक्रीचा माल झाला तो साधारणतः तेव्हापासून. ज्या मुंबईत या वाद्याने हजारो गीतांचा पाया धरला, त्या मुंबईतील त्याच्या भूतकाळाचे काय झाले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

प्रथम रचनेविषयी थोडेसे. बेस गिटारीच्या चार जाड तारांचा एकत्रित ताण सुमारे सत्तर ते ऐंशी किलो भरतो व तो सर्व लाकडी मानेवर येतो. मुंबईच्या पावसाळी दमट हवेत लाकूड फुगते, मान वाकते आणि तारा पडद्यांवर घासू लागतात. मानेत पोलादी सळई पूर्वीही असे. नव्या वाद्यांपैकी काहींत तिच्या जोडीला कार्बन तंतूंच्या पट्ट्या बसवितात. यंत्राने अचूक कापलेले लाकूड, ही भरही नवी. जुन्या रूपाचे आकर्षण कोणी कितीही मिरवो, गिरगावातल्या वादकाला उपयोगी पडते ती ही नवी बांधणीच.

मुंबईतील कथेचा आरंभ धोबीतलावपासून करावा लागतो. १८६५ मध्ये स्थापन झालेली फुर्ताडो ही वाद्यविक्रीची पेढी आणि जेर महालातील गोमंतकीयांचे 'कूड' यांमुळे गिरगावच्या दक्षिण टोकाचा हा परिसर संगीतकारांचा अड्डा बनला. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले वादक येथे येत. हॉटेलांतील जॅझ वाद्यवृंदांत आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत काम मिळवीत. कागदावर लिहिलेली स्वरलिपी पाहताक्षणी वाजविण्याची त्यांची क्षमता हेच त्यांचे भांडवल होते.

चित्रपटगीतांत खर्जाचे काम प्रारंभी उभ्या डबल बेसकडे होते. माणसाएवढे उंच ते वाद्य हलवणे कष्टाचे, आणि एकाच दालनात सर्व वाद्ये एकत्र वाजत असता त्याचा मृदू नाद सहज झाकला जाई. विद्युत बेस खांद्याला अडकवता येई, तिचा आवाज हवा तेवढा वाढविता येई आणि पडद्यांमुळे स्वर चुकण्याची धास्ती कमी होई. तबल्याचा बाया वा तंबोऱ्याचा खर्ज स्थिर आधार देतो. बेस गिटार चालता आधार देते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, विशेषतः राहुल देव बर्मन यांच्या रचनांतून, हा चालता खर्ज गाण्याच्या अग्रभागी येऊ लागला. ताडदेवच्या फिल्म सेंटर स्टुडिओत त्यांची कितीतरी गीते ध्वनिमुद्रित झाली आणि त्यांच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजविणारे म्हणून टोनी वाझ यांचे नाव जाणकार घेतात. जाणकार घेतात, असेच म्हणावे लागते. ध्वनिमुद्रिकेच्या लेबलावर ते सापडणार नाही. तेथे संगीतकार, गीतकार व गायक एवढ्यांनाच जागा होती.

नाव तर नव्हतेच. वाजविलेला सूरही अनेकांपर्यंत पूर्णपणे पोहोचत नव्हता. बेस गिटारीच्या सर्वांत जाड तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१ असतात. लालबाग-परळच्या चाळींत ज्या लहान ट्रान्झिस्टरवर ही गाणी ऐकली जात, त्याच्या हातभर नव्हे, वीतभर रुंदीच्याही नसलेल्या कर्ण्यातून शंभर कंपनांखालचा नाद जवळजवळ येतच नसे. श्रोत्याच्या कानी पडत ते मूळ स्वराचे वरचे अनुनाद, आणि त्यांवरून मेंदू मूळ स्वर स्वतःच जुळवून घेई. गिरणी कामगाराने ऐकलेला खर्ज अर्धा वादकाचा, अर्धा स्वतःच्या श्रवणाचा होता. दादर-परळच्या नाट्यगृहांत आणि गणेशोत्सवाच्या मंडपांत होणाऱ्या ऑर्केस्ट्रांत मात्र तोच श्रोता बेस वाजविणाऱ्याला प्रत्यक्ष पाहत असे आणि मोठ्या कर्ण्यांतून त्याचा सूर छातीत जाणवत असे.

एका वादकाचे नाव या व्यवस्थेत अनपेक्षितपणे अजरामर झाले, तेही वेगळ्याच वाटेने. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधील गीतात येणारे अँथनी गोन्सालविस हे नाव प्यारेलाल यांच्या व्हायोलिनच्या गुरूंचे. शिष्याने गुरूला गाण्याच्या शब्दांत स्थान दिले. वाद्यवृंदातील इतरांच्या वाट्याला एवढेही आले नाही.

अनामिकतेचा हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताचा हक्क प्रथम मान्य झाला आणि २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापरातील मानधनाचा वाटा त्याला जोडला गेला. परंतु त्याच २०१२ च्या दुरुस्तीत एक परंतुकही आले : चित्रपटात ज्याचे सादरीकरण प्रासंगिक स्वरूपाचे आहे आणि व्यवसायाच्या रूढीनुसार ज्याचा श्रेयनामावलीत कोठेही उल्लेख होत नाही, तो कायद्याच्या दृष्टीने कलावंत ठरत नाही, सादरीकरणाचा विपर्यास रोखण्यापुरताच त्याला हक्क उरतो. ज्या रूढीने नाव नाकारले तीच येथे हक्क नाकारण्याच्या कसोटीचा भाग बनली आहे. संपूर्ण गीताचा ठेका ज्याच्या चार तारांवर उभा आहे त्या वादकाचे काम 'प्रासंगिक' म्हणावे काय, याचे उत्तर संगीतशास्त्राला अवघड नाही. पण ते सिद्ध करण्यास नाव लागते, तारीख लागते, ध्वनिमुद्रणाची नोंद लागते.

या दृष्टीने ग्रेगरी बूथ यांच्या २००८ मधील ग्रंथाचे महत्त्व आहे. मुंबईच्या स्टुडिओंतील वादकांशी प्रत्यक्ष बोलून त्यांनी मौखिक इतिहास जमविला. तेव्हा बोललेले अनेक वादक आज हयात नाहीत. केर्सी लॉर्ड २०१६ मध्ये गेले; चरणजित सिंग, जे गिटारीपासून सिंथेसायझरपर्यंत अनेक वाद्ये हाताळत, त्याआधीच २०१५ मध्ये. १९५१ च्या अमेरिकन गिटारीची प्रत्येक खिट्टी कोणत्या वर्षी बदलली हे संग्राहक अचूक सांगतात. फिल्म सेंटरमध्ये कोणत्या दिवशी, कोणत्या गाण्यासाठी, कोणी खर्ज धरला हे सांगणारी माणसे मोजकी राहिली आहेत, आणि त्यांपैकी काही अजून गिरगावापासून वांद्र्यापर्यंतच्या जुन्या घरांतून भेटू शकतात.