'कोण?' पासून 'का?' पर्यंत: गुन्हेकथेतील पुरुष आणि मनोविश्लेषण

मराठी वाचनालयात रहस्यकथांचे कपाट सर्वांत जास्त हाताळलेले असते. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडावर वाढलेल्या घरांना हे वेगळे सांगायला नको. अशा कथांचा जीव बहुधा 'कोण?' या प्रश्नात असतो. मुखवटा उतरला की पुस्तक मिटायचे. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतल्या काही लेखकांनी मात्र खुनी सुरुवातीलाच वाचकाच्या शेजारी आणून बसवला आणि विचारले, 'का?' या प्रश्नामागे मनोविश्लेषण होते. त्या शास्त्राने गुन्हेकथेला काय दिले आणि त्याच्या आडून काय निसटले, ते आपण पाहू.

सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०६ साली व्हिएन्ना येथे कायद्याच्या विद्यार्थ्यांपुढे एक व्याख्यान दिले. तपास करणारा न्यायाधीश आणि मनोविश्लेषक, दोघेही दडवलेल्या गोष्टीच्या मागे असतात, हे त्यांनी दाखवले. फरक इतकाच, की गुन्हेगाराला आपले गुपित ठाऊक असते व तो ते इतरांपासून लपवतो. रुग्णाचे गुपित त्याच्या स्वतःपासूनच लपलेले असते. त्यांनी एक इशाराही दिला: मनात आधीपासून अपराधभाव बाळगणारा माणूस निर्दोष असूनही दोषी असल्यासारखा वागू शकतो. पुढे १९१६ साली त्यांनी याच्याही पलीकडचे मत मांडले. काही माणसांत अपराधभाव आधी असतो आणि गुन्हा नंतर घडतो.

पुरुषी हिंसेच्या दृष्टीने अधिक नेमके बोट ठेवले ते आल्फ्रेड अॅडलर यांनी. १९११ साली ते फ्रॉइड यांच्यापासून वेगळे झाले. आपण बोलताना सहज 'न्यूनगंड' म्हणतो, ती कल्पना त्यांच्याच विचारातून आली. आपण दुबळे, म्हणजे समाजाच्या लेखी 'बायकी' ठरू, या भीतीने माणूस पुरुषीपणाचा अतिरेक करतो, असे त्यांचे म्हणणे होते. ही भीती पुरुषाच्या ओळखीच्या गाभ्याशी असते. समाज पुरुषीपणाला जी किंमत देतो, तीच तिला पोसते.

आता डोरोथी बी. ह्यूज यांची 'इन अ लोनली प्लेस' ही १९४७ सालची कादंबरी घेऊ. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले आहे. डिक्स स्टील हा माजी वैमानिक लॉस एंजेलिसला येऊन राहिला आहे. युद्धात गणवेश होता, विमान होते, मान होता. आता काकांकडून येणाऱ्या पैशांवर दिवस काढायचे. आपण रहस्यकादंबरी लिहीत आहोत, असे तो लोकांना सांगतो. राहतो मित्राच्या घरात, घालतो मित्राचे कपडे, फिरवतो मित्राची गाडी. आणि तो मित्र कुठे दिसत नाही. स्वतःचे म्हणावे असे या माणसाजवळ काही उरलेले नाही. कादंबरी सुरू होते तेव्हा तो धुक्यात, बसमधून उतरलेल्या एका तरुणीच्या मागे चालत असतो. शहरात स्त्रियांचे गळे आवळून खून होत आहेत.

संपूर्ण कथा त्याच्या नजरेतून येते, तरी ह्यूज त्याचे वकीलपत्र घेत नाहीत. आईला किंवा लहानपणीच्या एखाद्या आघाताला त्या जबाबदार धरत नाहीत. एखादी बाई आपल्याकडे कशी पाहते, यावर डिक्सची स्वतःची किंमत चढते आणि उतरते, एवढे त्या दाखवतात. ती हसली तर तो कुणीतरी असतो. तिने पाठ फिरवली की तो कुणीच नसतो, आणि मग संतापतो. त्याचा जुना मित्र ब्रब पोलिसात आहे. तो डिक्सबरोबर बसतो, पितो, याच खुनांविषयी बोलतो, आणि त्याला काही दिसत नाही. ब्रबची पत्नी सिल्व्हिया आणि शेजारची लॉरेल या दोघींना मात्र काहीतरी खटकते. त्या मनोविश्लेषण शिकलेल्या नाहीत. अशा माणसासमोर सावध राहणे त्यांना भाग आहे, म्हणून त्यांना दिसते.

पुढच्या दशकात शास्त्राची परिभाषा थेट कथेत आली. जिम थॉम्पसन यांच्या 'द किलर इनसाइड मी' (१९५२) मध्ये खुनी स्वतःच कथा सांगतो. तो टेक्सासमधला पोलीस अधिकारी आहे, आणि वडील डॉक्टर असल्याने मनोविकारांवरची पुस्तके त्याने घरातच वाचली आहेत. आपल्या वृत्तीला तो 'आजार' म्हणतो. खुन्याच्याच तोंडी आलेले निदान हा त्याचा आणखी एक मुखवटा ठरतो, हे थॉम्पसन यांनी अचूक ओळखले.

रॉबर्ट ब्लॉक यांच्या 'सायको' (१९५९) या कादंबरीवर हिचकॉक यांनी पुढच्याच वर्षी चित्रपट काढला. त्याच्या शेवटाकडे मनोविकारतज्ज्ञ येतो आणि सगळे उलगडून सांगतो: मुलावर हक्क गाजवणारी आई, तिच्याशी तादात्म्य पावलेला मुलगा. प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतात. पण हिशेब कुठे येऊन थांबला ते पाहा. मारल्या गेलेल्या स्त्रिया मागे पडल्या आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली तीही एक स्त्रीच, मेलेली आई.

ह्यूज यांच्या कादंबरीवर १९५० साली निकोलस रे यांनी चित्रपट केला, त्यात हम्फ्री बोगार्ट नायक होते. पडद्यावरचा डिक्स खुनी नाही. तरीही संशय आणि संतापाच्या भरात तो लॉरेलच्या गळ्यापर्यंत हात नेतो, आणि तो निर्दोष असल्याचा फोन येतो तेव्हा तिच्यापुरते सारे संपलेले असते. खून न करणाऱ्या माणसातही तीच हिंसा असू शकते, हे मूळ कथा बदलूनही चित्रपटाने राखले.

हा इतिहास दूर अमेरिकेतला आहे, पण त्यातला पेच आपल्या घरात ओळखीचा आहे. 'स्वभाव तापट आहे', 'लहानपणी फार सोसलंय त्यानं', 'आईनं लाडावून ठेवलाय' ही वाक्ये आपण ऐकलेली आहेत. त्यांतले काही खरेही असेल. माणूस असा का झाला हे समजून घ्यायलाच हवे. ती दृष्टी मनोविश्लेषणाने दिली, हे ऋण मोठे आहे. मात्र कारण सांगणे म्हणजे माफी देणे नव्हे. यापुढे एखादी गुन्हेकथा हाती घ्याल तेव्हा खुन्याच्या बालपणाबरोबर आणखी एक गोष्ट शोधा: धोका सर्वांत आधी कुणाला जाणवला होता, आणि तिचे म्हणणे कुणी ऐकले नाही?