भिंत आमची, बोलणं दुसऱ्याचं

आमचं घर बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून. माळवदाचं घर, हातभर रुंदीची मातीची भिंत, आणि तिचं तोंड थेट एसटीच्या थांब्याकडं. गेल्या पावसाळ्यात ती भिंत फुगली, म्हणून यंदा उन्हाळ्यात पाडली. टिकाव घातला तसे पापुद्रे निघायला लागले. वर निळा रंग, त्याखाली चुन्याचा जाड थर, त्याखाली हिरवा, पिवळा, मग शेणाचं सारवण, आणि पार आत लाल रंगाची एक तिरपी रेघ. नातू म्हणाला, "आजोबा, हे काय?" म्हटलं, "लाल त्रिकोण." त्याला काही कळलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

भिंती बोलायला लागायच्या आधी गावात दवंडी होती. कोतवाल हलगी वाजवत चावडीपासून निघायचा. सारा भरायची तारीख, लस टोचायला येणारा डॉक्टर, जत्रेतला तमाशा, सगळं त्याच्याच तोंडून कळायचं. माझी माय दारातनंच त्याला अडवायची, "कुणी सांगितलं रं तुला? खरं हाय का?" तो म्हणायचा, "तलाठीसाहेबांनी सांगितलं, वैनी." म्हणजे सांगणाऱ्याला नाव होतं, तोंड होतं. खोटं निघालं तर दुसऱ्या दिवशी त्याला गाठता यायचं.

मग १९७० च्या आसपास सरकारी पेंटर आला आणि आमच्या भिंतीवर लाल त्रिकोण काढून गेला. कुटुंब नियोजनाची ती खूण. शेजारी चार चेहरे: आई, बाप, एक मुलगा, एक मुलगी. दादांना, म्हणजे माझ्या वडलांना, वाचता येत नव्हतं, पण सरकारनं आपलीच भिंत निवडली याचा त्यांना मोठा मान वाटला. १९७५ ला आणीबाणी आली. मास्तर, तलाठी, ग्रामसेवक, सगळ्यांना नसबंदीच्या केसेस आणायचा आकडा ठरवून दिला. जीप दिसली की बाप्ये माणसं रात्री शेतात झोपायला जायची. तेव्हा मायनं शेणाचा काला केला आणि त्रिकोण सारवून टाकला. "घरावर खूण हाय, आधी आपल्याकडंच येतील," म्हणाली. ज्या चित्राचा मान वाटला होता, त्याचीच भीती वाटायला लागली. चित्र तेच होतं, त्याच्या मागचं सरकार बदललं होतं.

लहान कुटुंब पुढं गावानं मान्य केलं, पण आपल्या पद्धतीनं. चित्रात एक मुलगा, एक मुलगी होती. लोकांनी दोनाचा आकडा घेतला आणि मुलगी सोडून दिली. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं ८०७ मुली निघाल्या. भिंतीवरचं सगळं माणूस ऐकत नाही. जे त्याच्या मनात आधीच असतं तेवढं बरोबर उचलतो.

कंपन्यांना हे सरकारच्या आधी कळलं असावं. डालडा १९३७ ला बाजारात आला. लोकांना तुपाची चव हवी होती आणि तूप परवडत नव्हतं, ही नस त्यांनी धरली. शहरात डब्याच्या आकाराची गाडी फिरवून, लोकांच्या पुढ्यात पदार्थ तळून दाखवले. आमच्याकडं लग्नातली बुंदी डालड्यात पडायला लागली. म्हातारी माणसं नाकं मुरडायची, कुणी पोतं उचलताना धापा टाकायला लागला की "डालड्याची पिढी" म्हणून हसायची. आणि तीच माणसं सकाळी डालड्याचाच रिकामा डबा घेऊन पाणंदीला जायची.

१ नोव्हेंबर १९६७ ला मुंबई, पुणे, नागपूरच्या विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. १९७६ पासून दूरदर्शनवर आल्या. आमच्या गावात टीव्ही आला तो रामायणाच्या वेळेला, १९८७ ला. ग्रामपंचायतीच्या एका टीव्हीपुढं सगळं गाव बसायचं. रामाच्या आधी निरमाची पांढऱ्या फ्रॉकमधली पोरगी गिरकी घ्यायची. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी १९६९ ला घरी पावडर बनवून सायकलीवरनं विकायला सुरुवात केली, लेकीच्या नावावरनं नाव ठेवलं. ती पावडर स्वस्त होती, बायकांचे हात वाचले, हे खरंच. पण त्याच दिवसांत घरातली राखुंडी, शिकेकाई, रिठे गेले. ते वाईट होते म्हणून गेले असं नाही. ते वापरणं मागासपणाचं वाटायला लागलं. सून आली तर ती राखुंडीनं दात घासते हे पाहुण्यांपासून लपवायची वेळ आली. माझ्याच बायकोनं लपवलं होतं.

आता त्या चुन्याच्या थराची गोष्ट.

१९९० नंतर बियाणे कंपन्यांचे पेंटर रस्त्याकडच्या भिंती शोधत यायला लागले. एकानं आमच्या भिंतीवर मुठीएवढ्या बोंडांचा कापूस काढला. भिंतीचं भाडं म्हणून दोन पाकिटं फुकट. माय तोवर राखेत घोळलेली ज्वारी आणि घरची सरकी बियाला ठेवायची. ती म्हणाली, "आपल्या बियाचं चित्र कोण काढणार?" कुणी मनावर घेतलं नाही. मीही नाही. संकरित ज्वारीनं गावाचं पोट भरलं होतं, तेव्हा नवं ते चांगलं यावर आमचा विश्वास होता. घरची सरकी म्हशीला घातली.

आमच्या भावकीतले नाना कधी भिंतीकडं बघून माल घेणारे नव्हते. त्या वर्षी त्यांनी सोयरा करून उसने पैसे घेतले आणि तेच बी चार एकरांवर लावलं. निम्मं उगवलंच नाही. उगवलं त्याला बोंडं धरली नाहीत. दुकानदार म्हणाला, पाऊस कमी. तक्रारीला रिकामं पाकीट आणि पावती लागते म्हणाले. पाकिटं शेतातच उडून गेलेली, आणि उधारीच्या मालाची पावती कोण देतं?

दिवाळीच्या तोंडावर नाना आमच्या ओट्यावर येऊन बसले. भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "दादा, तुमच्या भिंतीवर होतं म्हणून घेतलं."

दादा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी चुना भिजवला आणि मला हात लावू न देता सगळी भिंत स्वतः पांढरी केली, एकावर एक तीन हात. ज्वारीची दोन पोती नानांकडं पाठवली. नानांनी घेतली, पण त्यानंतर त्या थांब्यावर ते कधी आमच्या भिंतीच्या सावलीला बसले नाहीत. उन्हात उभे राहायचे.

दादा असेपर्यंत भिंत पांढरी राहिली. २००२ ला बीटी कापसाला सरकारनं परवानगी दिली, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूच्या भिंती रंगल्या, आमची सोडून. दादा गेले, आणि वरचा निळा रंग मी दिला. मोबाइल कंपनीचा. पोराच्या फीला पैसे हवे होते. हे लपवून कशाला ठेवू?

आता नवी भिंत सिमेंटची आहे. परवा एक पोरगा आला, पिकाच्या टॉनिकची जाहिरात काढू का म्हणाला. पैसेही बरे देत होता. मी म्हटलं, "काढ. पण खाली तुझं नाव आणि नंबर लिही. टॉनिक चाललं नाही तर लोकांनी कुणाकडं यायचं?" तो हसला. त्याला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय.

आता ते टॉनिक पुढच्या घराच्या भिंतीवर आहे. एसटीची वाट बघत बसलेली माणसं ते वाचतात.