हिरड्यांचे विकार आणि मुखातील सूक्ष्मजीवसृष्टी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
हिरड्यांतून रक्त व पू येणे आणि अखेरीस दात हलू लागणे, या विकारास सर्वसामान्यपणे 'पायोरिया' म्हणतात. तो एका जंतूमुळे होतो की जंतूंच्या समूहामुळे, आणि शरीरातील अन्य विकारांशी त्याचा कितपत संबंध आहे, या दोन प्रश्नांभोवती त्याचा इतिहास फिरतो. प्रस्तुत लेखात या इतिहासाचा आढावा घेऊन शहादा परिसरासाठी त्यातून मिळणारा बोध तपासला आहे.

प्रारंभिक निरीक्षणे :
सुश्रुतसंहितेत ६५ मुखरोग सांगितले असून त्यांपैकी १५ दंतमूलाचे आहेत. 'शीताद' या रोगात हिरड्यांतून अकस्मात रक्त येते, तर 'उपकुश' या रोगात दाह व पाक होऊन दात हलतात. १६८३ मध्ये डच निरीक्षक लेव्हेनहूक याने दातांवरील थरात हालचाल करणारे सूक्ष्म जीव पाहिले व ते लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविले. १८९० च्या दशकात फ्रेंच वैद्य व्हिन्सेंट याने घशाच्या व्रणांत दोन भिन्न प्रकारचे जीवाणू एकत्र नांदत असल्याचे वर्णन केले. पहिल्या महायुद्धात खंदकांतील सैनिकांना याच स्वरूपाच्या हिरड्यांच्या रोगाने ग्रासले होते.

अतिरेकाचा कालखंड :
१९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने मॉन्ट्रियल येथील व्याख्यानात मुखातील पू हे अनेक शारीरिक व्याधींचे मूळ असल्याचे प्रतिपादन केले. परिणामी पाश्चात्त्य देशांत असंख्य रुग्णांचे दात उपटले गेले. तथापि बहुतेकांच्या मूळ व्याधी बऱ्या झाल्या नाहीत. पुढे हा सिद्धांत मागे पडला. त्याबरोबर मुख व शरीर यांच्या संबंधाचा विचारही दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला.

आधुनिक दृष्टी :
१९६५ मध्ये हॅराल्ड लो व सहकाऱ्यांनी निरोगी व्यक्तींना दात घासणे थांबविण्यास सांगितले. सुमारे तीन आठवड्यांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि स्वच्छता सुरू होताच त्या पूर्ववत झाल्या. १९९८ मध्ये सॉक्रन्स्की व सहकाऱ्यांनी तीव्र विकाराशी निगडित तीन जीवाणूंचा समूह दाखवून दिला. त्यानंतर जनुकीय तंत्रांमुळे मुखात सुमारे ७०० जीवाणू-प्रजाती आढळतात हे स्पष्ट झाले. आतड्यांच्या अनेक विकारांत जीवाणूंची विविधता घटते. हिरड्यांच्या विकारात मात्र ती बहुधा वाढलेली दिसते. म्हणजेच विविधता हे नेहमीच आरोग्याचे लक्षण नसून समतोल अधिक महत्त्वाचा ठरतो. मधुमेहाशी या विकाराचे नाते दुहेरी आहे : मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांच्या उपचाराने रक्तशर्करा काही प्रमाणात घटते. २०२१ मध्ये कोविडोत्तर म्युकरमायकोसिसच्या काही रुग्णांत दात हलणे व हिरड्यांतून पू येणे ही लक्षणे आढळली. ती पायोरिया समजून सोडून देणे जीवघेणे ठरू शकत होते.

समारोप :
१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला आणि २०२० मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या शहादा परिसराच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ दुहेरी आहे. हंटरप्रमाणे प्रत्येक व्याधीचे खापर दातांवर फोडणे चुकीचे. तसेच मधुमेही रुग्णाच्या हिरड्यांची विचारपूसही न करणे तितकेच चुकीचे होय. कडुनिंब वा बाभळीच्या दातवणाची जुनी सवय आणि मिशरी हे भिन्न आहेत. पहिलीने दातांवरील थर निघतो, दुसरीतील तंबाखू हिरड्यांना अपायच करते. हा भेद समजावून सांगण्यासाठी महागड्या यंत्रांची गरज नाही. मुखाची तपासणी हा प्रत्येक रुग्णाच्या तपासणीचा भाग व्हावा, हाच या इतिहासाचा निष्कर्ष आहे.